परत फिरण्याचं पान



जुनी गाडी घेऊन लांब जायचं म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, 'ॲव्हरेज किती देते?' आणि दुसरा, 'रस्त्यात बंद पडली तर?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर गाडी देते. दुसऱ्याचं उत्तर आपल्याला द्यावं लागतं, आणि तेही घरातून निघण्याआधी. गेले पाच महिने आमच्या घरात या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधणं चालू आहे. आज त्याविषयीच बोलतो.

आमची गाडी म्हणजे १९८३ सालची प्रीमियर पद्मिनी. आमच्या श्रीपुरात अजूनही तिला कोणी पद्मिनी म्हणत नाही, 'फियाट' म्हणतात. तशी ती आमच्या मुलखाशी नातं सांगणारी गाडी आहे. ज्यांनी हा कारखाना उभा केला ते वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. आमच्याकडून नीरा ओलांडून इंदापूर तालुक्यात शिरलं की त्यांच्या नावाचं वालचंदनगर लागतं. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कुर्ल्याला कारखाना झाला. आधी गोलमटोल 'डुक्कर फियाट' आली, १९६४ पासून ११०० डिलाईट, आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीचं नाव पद्मिनी झालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत आपण बसलो, ती हीच. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही मुंबईच्या रस्त्यावरून टॅक्सी म्हणून निवृत्त झाली.

तर ही गाडी घेऊन मी आणि माझी पत्नी लडाखला जायचं म्हणतोय. श्रीपूर ते लेह, एका बाजूला अडीच हजार किलोमीटरहून जास्त.

मुलगा पुण्याला नोकरी करतो. त्याने ऐकल्या ऐकल्या सांगितलं, "अब्बा, विमानाने जा आणि तिथे टॅक्सी करा." त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. एअरबॅग नाही. स्टिअरिंग फिरवायला दंडात बळ लागतं. समोरून ट्रक अंगावर आला तर नव्या गाडीचा पत्रा स्वतः चुरगळून माणसाला वाचवतो, इथे तसं काही नाही. म्हणून पहिले नियम त्याच्या सांगण्यावरून ठरले: पट्टे नवे बसवायचे, ताशी साठच्या वर जायचं नाही, आणि सूर्य मावळल्यावर गाडी हलवायची नाही. आमचं वय आणि गाडीचं वय बेरजेला घेतलं तर हे तिन्ही नियम कोणालाही पटतील.

मग हीच गाडी कशासाठी? कारण एकच. अकलूजला आमचे एक उस्ताद आहेत, वय सत्तरीच्या पुढे. गेली तीस वर्षं ही गाडी त्यांच्याच हातची आहे. त्यांचा एक डोळा मोतीबिंदूने अधू झालाय, आणि या दिवाळीला गॅरेज बंद करायचं त्यांनी ठरवलंय. गाडीचं पुढचं पासिंग २०२८ साली. कागदावर गाडीला मुदत आहे, तिला समजून घेणाऱ्या हाताला नाही. आमच्या भागात डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट लावणारा दुसरा माणूस मला ठाऊक नाही. तेव्हा लांबचा प्रवास करायचा तर तो उस्ताद गॅरेजात बसलेले असतानाच.

उस्तादांना बेत सांगितला तेव्हा ते बराच वेळ चहाच पीत राहिले. मग म्हणाले, "शायर, गाडी ऊपर जाती दम से, नीचे आती अक्कल से. दम मैं डालता. अक्कल का तुम देखो." आणि बॉनेट उघडायला सांगितलं.

लांबच्या प्रवासाची तयारी म्हणजे गाडी नवी करणं, असा माझा समज होता. उस्तादांची पद्धत वेगळी निघाली. जे नीट चाललंय त्याला हात लावायचा नाही. "चलती चीज को मत छेडो," हा त्यांचा पहिला धडा. इंजिनाचं हेड उतरवू का म्हटलं तर त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डॉक्टरसारखं ऐकलं. नको म्हणाले. त्यांनी बदललं ते सगळं रबर. होज पाइप, फॅन बेल्ट, ब्रेकची रबरं, पेट्रोल पंपाचा पडदा, रेडिएटरच्या झाकणाचा वायसर. लोखंड सांगून मरतं, रबर न सांगता मरतं, हे त्यामागचं शास्त्र. पार्ट्स मुंबईहून कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून आणले. टॅक्सी गेल्या तरी त्यांची हाडं अजून तिथे मिळतात.

रबराचा प्रश्न आता आणखी नाजूक झालाय, आणि त्याचं मूळ आमच्याच शिवारात आहे. श्रीपूर हे उसाचं गाव. उसापासून साखर, मळी आणि मळीपासून इथेनॉल. २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोहोचलं. शेतकऱ्याचं त्यात हित आहे. पण १९८३ सालच्या गाडीचं रबर या पाहुण्यासाठी बनवलेलं नाही. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, हवेतलं पाणी ओढून घेतं, टाकीत तळाशी गंज धरतो. शिवाय त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे लिटरमागे थोडं अंतरही घटतं. म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, टाकी उतरवून धुतली आणि पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर लावला. फिल्टर पारदर्शक अशासाठी की पोटात काय चाललंय ते बाहेरून दिसावं.

आता डोंगराचं गणित. हे मला उस्तादांनी अर्धं शिकवलं आणि अर्धं मी पुस्तकातून काढलं. पेट्रोल जळायला हवा लागते. उंचावर हवा विरळ. लेहहून मनालीच्या रस्त्याला लागलं की तंगलंग ला ही खिंड लागते, ५,३२८ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. आमच्या १०८९ सीसीच्या इंजिनात घोडे मुळात चाळीस. त्या खिंडीत त्यातले वीसच जागे असतील. नव्या गाड्यांत संगणक असतो, तो हवा मोजून पेट्रोल कमी करतो. आमच्या कार्बोरेटरला ते कळत नाही. तो श्रीपुरात जेवढं वाढतो, तेवढंच तिथेही वाढत राहणार. जेवणारा अर्ध्या भुकेचा आणि वाढप पूर्ण! मग इंजिन काळा धूर सोडतं, चढाला गुदमरतं. यावर उपाय म्हणजे बारीक भोकाचा जेट. तो सोबत घ्यायचा आणि लेहला पोहोचल्यावर बदलायचा. आधी बदलून चालत नाही, कारण खाली मैदानात इथेनॉलमुळे मिश्रण आधीच थोडं पातळ झालेलं असतं. त्यात बारीक जेट घातला तर इंजिन तापून बसेल.

तापण्यावरून पाण्याचं सांगतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालायची रीत. सोलापूरच्या उन्हात ते चालून जातं. पण पाणी सगळीकडे शंभर अंशाला उकळत नाही. पाच हजार मीटरवर ते त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी अंशालाच उकळायला लागतं. तिथे डाळ शिजत नाही आणि इंजिन उकळतं, दोन्हीचं कारण एकच. म्हणून रेडिएटरचं झाकण महत्त्वाचं. ते दाब धरून ठेवतं, कुकरच्या शिट्टीसारखं. आणि तेच पाणी रात्री सारचूसारख्या ठिकाणी गोठलं तर फुगून इंजिनाचा ठोकळा फोडू शकतं. निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट घातलं की दोन्ही संकटं टळतात. साठ-सत्तर हजारांचं इंजिनकाम हजार-दीड हजाराच्या कूलंटवर अवलंबून असतं, हे मला फार बोधप्रद वाटलं.

वाटेत आधी राजस्थान आहे, तिथे प्रश्न उलटा. आमचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटलेला. कडक उन्हात त्यातल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफच ओढत बसतो आणि गाडी थांबते. याला जुना, गावठी आणि अचूक उपाय आहे: पंपावर ओलं फडकं. पत्नीने त्यासाठी माझा एक सुती लेंगा फाडून चार फडकी शिवली. माझ्याकडे विचारणा झाली नाही.

राजस्थानमार्गे का, तर दिल्ली टाळायची म्हणून. पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांना दिल्लीत मज्जाव करणारा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश २०१४ चा, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तो उचलून धरला, पुढे त्यावर पुन्हा सुनावण्या होत राहिल्या. चाळिशी ओलांडलेल्या गाडीने त्या भानगडीच्या आसपास फिरकूच नये. म्हणून अहमदाबाद, पालनपूर, बिकानेर, हनुमानगढ, भटिंडा आणि पठाणकोट असा लांबचा वळसा. आरसी, विमा, पीयूसी, पर्यावरण कराची पावती, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. रस्त्यावरचा पोलीस जुनी गाडी पाहून आधी हसतो आणि मग कागद मागतो.

ब्रेकचं काम उस्तादांनी स्वतः केलं, कोणाला हात लावू दिला नाही. आमच्या गाडीत ब्रेकचं तेल एकाच वाटेने चारही चाकांना जातं. एक नळी फुटली की चारही गेले. जुनं तेल हवेतलं पाणी पिऊन बसतं. लांब उतारावर ड्रम तापला की त्या पाण्याची वाफ होते आणि पाय सरळ खाली जातो. म्हणून तेल पूर्ण काढून नवं भरलं. आणि नियम पाठ करून घेतला: ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही.

एप्रिलमध्ये परीक्षा घेतली. अकलूज, नातेपुते, फलटण, वाई, आणि पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर. मागच्या सीटवर सामान म्हणून साखरेची पन्नास किलोची दोन पोती. घाटात तापमानाचा काटा चढला, पण थांबला. उतरताना ब्रेकचा वास आला नाही. मात्र मागचे पाटे फार दबले. घरी आल्यावर उस्तादांनी पाटे न बदलता सामान निम्म्यावर आणायला सांगितलं. घोडे वीसच असतील तर ओझंही वीस घोड्यांचंच हवं. माझी पुस्तकांची पेटी तिथेच रद्द झाली. एक वही आणि एक पेन, एवढं मिळालं.

टायरबद्दल एक गोष्ट सांगतो, ती तुम्हा सगळ्यांच्या उपयोगाची आहे. टायरच्या कडेला चार आकडी संख्या छापलेली असते. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ०८१७ असेल तर तो टायर २०१७ सालच्या आठव्या आठवड्यातला. नक्षी कितीही ठळक दिसो, इतका जुना टायर लांब नेऊ नये. आम्ही पाचही टायर नवे घेतले आणि एक जादा स्टेपनी टपावर बांधली.

इथवर सगळं पैशाने आणि उस्तादांच्या हाताने झालं. पण उस्ताद काही आमच्याबरोबर येणार नव्हते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि पाना हातात दिला. कार्बोरेटर खोल, साफ कर, बसव. पॉइंटची फट गेजने लाव. ही फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. जास्त झाली तर ठिणगी दुबळी, कमी झाली तर पॉइंट जळतात. आम्ही कविता लिहिणारी माणसं मात्रा मोजतो, एक जादा झाली तर ओळ लंगडते हे कानाला कळतं. ही फट मात्र बोटाला कळावी लागते. उस्ताद स्वतः आता डोळ्याने गेजवरचा आकडा वाचू शकत नाहीत. ते पत्ती फटीत सरकवतात आणि किती अडते त्यावरून सांगतात. मी आकडा वाचायचा, त्यांनी अडण्यावरून सांगायचं. पंधरा दिवसांनी आमचं दोघांचं उत्तर जुळायला लागलं.

दुसऱ्यांदा तेच काम त्यांनी घड्याळ लावून करून घेतलं. तिसऱ्यांदा रात्री, दिवे बंद करून, पत्नीच्या हातात विजेरी देऊन आणि माझ्या हातात लोकरीचे मोजे चढवून. मेच्या उकाड्यात लोकरीचे मोजे! शेजारच्या पानपट्टीवरची पोरं बघायला जमली. उस्ताद त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "वहाँ ठंडी रहेगी, उजाला नहीं रहेगा, और मैं भी नहीं रहूँगा." शेवटचे शब्द ते सहज बोलले. विजेरी धरलेला हात मात्र थोडा हलला.

आता पत्नीविषयी. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तिला दोन वर्षांपासून रक्तदाब आहे. डॉक्टरांनी जायला हरकत घेतली नाही, पण उंची हळूहळू चढा, एकदम नको, असं बजावलं. त्यामुळे मार्ग तिने बदलला. मी जाताना मनालीवरूनच जायचं म्हणत होतो. तिने नकाशा काढला. मनालीकडून गेलं तर दोन दिवसांत पाच हजार मीटरच्या खिंडी. श्रीनगरकडून गेलं तर झोजी ला साडेतीन हजार मीटर, पुढे कारगिलला मुक्काम, आणि लेहच्या वाटेवर सर्वांत उंच फोटू ला, ४,१०८ मीटर. माणसाला आणि इंजिनाला सवय व्हायला वेळ मिळतो. म्हणून चढायचं श्रीनगरकडून. मनालीकडून उतरायचं की नाही, ते लेहला चार दिवस राहून ठरवायचं. त्या वाटेवर कारूपासून लाहौलमधल्या तांदीपर्यंत साडेतीनशे किलोमीटर पेट्रोल मिळणार नाही असंच धरून आम्ही हिशेब केलाय. टाकी ३८ लिटरची, डोंगरात लिटरला दहा किलोमीटर, म्हणजे टाकी जेमतेम पुरते. म्हणून वीस लिटरचा लोखंडी कॅन. ओढ्यांना दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं, तेव्हा ओढे सकाळीच ओलांडायचे.

तिने या सगळ्याची एक वही केलीय. डाव्या पानावर काय न्यायचं: पॉइंट, कंडेन्सर, प्लग, फॅन बेल्ट, फ्यूज, तार, एम-सील, साबणाचा तुकडा. पेट्रोलची टाकी झिरपली तर ओला साबण दाबून बसवतात, हे उस्तादांचं. उजव्या पानाला तिने मथळा दिला: 'परत कधी फिरायचं.' आणि खाली मुद्दे लिहिले. ब्रेकचं तेल एका दिवसात बोटभर उतरलं तर परत. दोघांपैकी एकाचं डोकं रात्रभर दुखलं आणि सकाळी थांबलं नाही तर खाली. इंजिन एका चढावर दुसऱ्यांदा उकळलं तर परत. रस्त्याची बातमी वाईट असेल तर परत. गाडी सुरू होत नसेल तर ती ट्रकवर चढवून परत. आणि शेवटी शाळेत फळ्यावर लिहितात तशा ठसठशीत अक्षरात: 'दोघांपैकी एकाने परत म्हटलं की परत. वाद घरी आल्यावर.'

मला वाटतं, या सगळ्या तयारीत सर्वांत मोलाचं अवजार हे उजवं पान आहे. पाना, पक्कड, जॅक सगळे गाडी पुढे नेण्यासाठी. हे पान माणसाला मागे आणण्यासाठी. डोंगरात माणसं फसतात ती बहुतेक वेळा गाडी बिघडल्यामुळे नव्हे. 'इतक्या लांब आलो, आता काय परत जायचं' या विचाराने फसतात. तिथे थकलेल्या, अर्ध्या श्वासाच्या डोक्याने निर्णय घेण्यापेक्षा तो श्रीपुरात पंख्याखाली बसून, चहा पिऊन, वहीत लिहून ठेवलेला बरा.

हे पान मी उस्तादांना वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ते हसतील. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग कपाटातून प्लगचा एक नवा संच काढून दिला आणि म्हणाले, सर्वांत उंच जिथे जाल तिथे जुने प्लग काढा, हे घाला, आणि जुने पुसू नका. कागदात गुंडाळून मला आणून द्या. प्लगच्या तोंडावर इंजिनाचा श्वास उमटतो. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे कमी, विटकरी म्हणजे बरोबर. उस्ताद उभ्या आयुष्यात पुण्याच्या पुढे गेलेले नाहीत. तिथली हवा कशी असते ते त्यांना फोटोत बघायचं नाही, त्या चार प्लगांवर वाचायचंय, तेही उरलेल्या एका डोळ्याने.

मी विचारलं, "उस्ताद, आणि तिथवर पोहोचलोच नाही तर?"

त्यांनी वहीकडे बोट केलं. "जहाँ से लौटोगे, वहाँ के लाओ. वो भी पढ लूँगा."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघतोय. प्लग वेगळ्या पुडक्यात ठेवलेत आणि वही पत्नीच्या पर्समध्ये आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)